डाव्या हाताने लिहिलेला अर्ज

माझ्या मित्राला उजवा हात कोपरापासून नव्हता, आणि मला त्या नसलेल्या हाताचा हेवा वाटत असे. हे मी आजवर कुणापुढे बोललो नाही. आता आम्हा दोघांना तेव्हापासून ओळखणारं फारसं कुणी उरलेलं नाही, म्हणून लिहितो आहे.

आम्ही दोघं उज्जैनचे, एकाच गल्लीतले. दोघांचेही वडील ग्वाल्हेर संस्थानच्या चाकरीत. त्याचे तबेल्यात, माझे जकातनाक्यावर. महायुद्ध पेटलं तेव्हा संस्थानी फौजेत भरती जोरात होती. तो एका शेठजींची लॉरी चालवायचा, म्हणून ड्रायव्हर झाला. माझं अक्षर चांगलं, म्हणून मी कारकून. दोघांनाही एकाच वाहतूक कंपनीत घातलं आणि ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर पाठवलं.

तिथे गोळ्यांपेक्षा डासांनी जास्त माणसं पाडली. रोज संध्याकाळी रांगेत उभं करून एक पिवळी गोळी देत. हवालदार समोर उभा राहून ती गिळायला लावी आणि मग तोंड उघडायला सांगे. त्या गोळीने आमची कातडी आणि डोळ्यांचे पांढरे भाग हळदीसारखे झाले होते. मी एकही दिवस गोळी चुकवली नाही. तरीही मला हिवताप आला, उतरला, पुन्हा आला. तिसऱ्या वेळी मी कागदपत्रांच्या पेटीवरच कोसळलो आणि मला उचलून इस्पितळाच्या तंबूत नेलं. तिथे असतानाच बातमी आली, की माझ्या मित्राची लॉरी दरीत गेली आणि त्याचा हात कापावा लागला.

शेजारच्या खाटेवर आमच्याच कंपनीतला एक शिपाई होता. तो कुशीवर वळून म्हणाला, "कोंबड्या आणायला गेला होता म्हणे."

तेव्हा मला ताप इतका होता की मी त्या बोलण्याकडे लक्ष दिलं नाही. पण ते माझ्याजवळ राहिलं.

लढाई संपल्यावर आम्हा दोघांना ग्वाल्हेरला मेडिकल बोर्डापुढे बोलावलं. ज्याला नोकरीमुळे अपंगत्व आलं त्याला पेन्शन मिळणार होती. योगायोगाने दोघांचा दिवस एकच आला. आम्ही व्हरांड्यात एका बाकावर बसलो. त्याने बरोबर पोळ्या आणि चटणी आणली होती. आधी तो आत गेला आणि मी पेलाभर पाणी पिऊन होईपर्यंत बाहेर आला. त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. विचारण्यासारखं होतं काय? बाही वर केली की झालं.

मला आत निजवलं. एका डॉक्टरने बरगडीखाली बोटं खुपसली. माझी पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढून तिथे दगडासारखी लागत होती. मधले डॉक्टर कागद बघत म्हणाले, "गोलियाँ लेते थे?"

"जी. रोज. हवलदार के सामने."

"फिर बुखार कैसे आया?"

ह्याला उत्तर काय देणार? घेत नव्हतो म्हटलं असतं तर माझाच हलगर्जीपणा ठरला असता. घेत होतो म्हटलं, तर ताप येणं शक्यच नव्हतं. डॉक्टर चांगले गृहस्थ होते, आवाज चढवला नाही. म्हणाले, "और मलेरिया तो उज्जैन में भी होता है, भाई."

कागदावर लिहिलं गेलं, की आजार आहे, पण त्याचा नोकरीशी संबंध नाही.

बाहेर आलो तेव्हा मित्राने डाव्या हाताने पोळीची गुंडाळी करून माझ्यापुढे धरली. "काय झालं रे?"

"बघू म्हणाले," मी खोटंच सांगितलं. त्याच्या बाहीला लावलेली सेफ्टी पिन उन्हात चमकत होती. मला आठवतं, मी तिच्याकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, ह्याचं बरं आहे.

उज्जैनला परत आलो. माझा ताप दर तीन-चार आठवड्यांनी यायचा. सकाळी दहाच्या सुमाराला पाठीच्या कण्यातून थंडी चढू लागे. बायको गोधड्यांवर गोधड्या घाली, वर स्वतः दाबून बसे, तरी खाट वाजत राही. संध्याकाळपर्यंत घामाने अंथरूण भिजलेलं. पुढचे दोन दिवस पायांत कापूस भरल्यासारखं. कापडगिरणीत हजेरी मांडायची नोकरी मिळाली होती, ती अशा खाड्यांनी गेली. मग एका वकिलांकडे नकला करायला लागलो. ताप नसलेल्या दिवशी मी इतर माणसांसारखाच दिसत असे, आणि हीच माझी मोठी अडचण होती. लोक म्हणत, "अच्छे-भले तो हो."

त्याच्याकडे मात्र एकदा बघितलं की पुरे. टांगेवाला म्हणायचा, "बैठिए फौजी साहब, आपसे क्या लेना." रेशनच्या रांगेत बायका आपणहून त्याला पुढे करत. स्वातंत्र्याच्या पहिल्या दिवशी झेंडावंदनाला त्याला पुढच्या खुर्चीवर बसवलं, हार घातला. मी मागे गर्दीत उभा होतो. नेमकी त्याच सकाळी थंडी भरत आली आणि माझा खांदा शेजारच्याला लागू लागला. तो वैतागून म्हणाला, "हिलो मत यार, दिखता नहीं है." घरी आल्यावर आई म्हणाली, "त्याने देशासाठी हात दिला हो!" माझ्या ओठावर आलं, कोंबड्यांसाठी. मी ते गिळलं.

सगळ्यात जास्त मी जळलो ते एका साध्याशा गोष्टीने. त्याची बायको माहेरी गेली की तो आपले सदरे आमच्याकडे आणायचा आणि माझी बायको त्याची उजवी बाही दुमडून शिवून द्यायची. मुकाट्याने, मान खाली घालून, बारीक टाके घालत. "भाऊजी, हे टोचणार नाही आता," म्हणायची. मी गोधडीत पडून ते बघायचो. माझ्यासाठी ती ह्याच्या दसपट खस्ता खात होती, हे कळत नव्हतं असं नाही. पण शिवता येईल असं माझ्याकडे काही नव्हतं.

पुढे संस्थान विलीन झालं, मध्य भारत आला. मी पुन्हा अर्ज करायचं ठरवलं. नव्या राज्याची राजधानी सहा महिने ग्वाल्हेरला, सहा महिने इंदूरला. मी ग्वाल्हेरला लिहावं तर उत्तर येई, इंदूरला लिहा. इंदूरला लिहावं तर तिकडून, जुने कागद ग्वाल्हेरला आहेत, पाहून कळवू. फौजेचंही विलीनीकरण चाललं होतं. माझे इस्पितळाचे कागद कुठे आहेत हे कुणालाच सांगता येईना. त्याची पेन्शन मात्र दर महिन्याला कोठीवरच्या, म्हणजे सरकारी कचेरीतल्या, खजिन्यातून बिनबोभाट मिळत होती.

"अरे, मी साक्ष देतो ना," तो दर वेळी म्हणायचा. "तुला उचलून नेताना मी पाहिलंय."

"तुझ्या साक्षीने काय होणार?" मी म्हणायचो. खरं कारण वेगळं होतं. त्याच्या मेहरबानीने मिळालेलं मला नको होतं.

एका अमावास्येला आईला घेऊन मी राम घाटावर स्नानाला गेलो. ती पाण्यात उतरली आणि मला पायऱ्यांवर थंडी भरली. दात इतके वाजू लागले की दोन्ही हातांनी जबडा धरला तरी थांबेनात. एक पंडा हसून म्हणाला, "सबेरे-सबेरे चढ़ा ली, महाराज?" आजूबाजूचे हसले. आई ओलेत्यानेच वर आली, आणि तिच्या चेहऱ्यावर मला लाज दिसली. तेवढ्यात माझा मित्र कुठूनसा आला. त्याला पाहताच त्याच पंड्याने छत्रीखालचा आपला तखत रिकामा केला. "आइए, आइए, बिराजिए." मित्राने एका हाताने मला ओढत तिथे नेऊन निजवलं आणि आपला कोट माझ्यावर घातला. त्याच्या गेलेल्या हातामुळे मिळालेल्या फळीवर मी कुडकुडत पडलो. आई त्याला आशीर्वाद देत होती.

तीन दिवसांनी, दुपारी, बायको हळदीकुंकवाला गेली असताना मी पेन्शनच्या कचेरीला निनावी अर्ज लिहिला. माझं अक्षर सरकारी कागदांवर सगळीकडे होतं, ओळखलं गेलं असतं. म्हणून डाव्या हाताने लिहिला. चार ओळींना तासभर लागला. उक्त व्यक्तीचा हात लढाईत गेला नसून मुर्ग्या आणण्याच्या खाजगी कामात गेला आहे, चौकशी व्हावी. टपाल आमच्या पोस्टात टाकलं नाही, चालत माधव नगरला जाऊन तिथल्या पेटीत टाकलं.

संध्याकाळी ताट वाढताना बायको थबकली. "डाव्या हाताला शाई कशी?"

"दौत सांडली."

तिने जमिनीकडे पाहिलं. जमीन स्वच्छ होती. ती पोळी वाढून आत गेली.

तीन-चार महिने काहीच झालं नाही. मी जवळजवळ विसरलो होतो, म्हणजे विसरल्यासारखा वागत होतो. मग एका सकाळी तो माझ्याकडे आला, उंबऱ्यातच बसला आणि म्हणाला, "माझी पेन्शन रोखली. तहकीकात आहे. तुझं अक्षर मोत्यासारखं आहे, मला जवाब लिहून दे."

मी कागद घ्यायला उठलो, कारण त्याच्याकडे तोंड करून बसवेना.

"बाबूने मला ती अर्जी दाखवली," तो म्हणाला. "कुणी लिहिली सांगू?"

माझा हात कागदांच्या चळतीवर तसाच राहिला.

"कुणीतरी उजवा हात गेलेला माणूस आहे. मी बघताक्षणी ओळखलं. अक्षरं उलटी कललेली, प्रत्येक ओळीवर मनगट घासून शाई पसरलेली. मी पहिलं वर्षभर अगदी असंच लिहीत होतो. बिचाऱ्याला काही मिळालं नसणार. जळून लिहिलं असेल. मी असतो तर मीही लिहिलं असतं कदाचित."

आतल्या दारात बायको सूप हातात घेऊन उभी होती. माझी नजर तिच्याकडे गेली आणि मी ती खाली वळवली.

मी लिहायला बसलो. तो सांगत गेला. कोंबड्यांचं खरं होतं. साहेबांच्या मेसला पाहुणे यायचे होते आणि हवालदाराने तोंडी हुकूम दिला, खालच्या वस्तीतून कोंबड्या घेऊन ये. "कोंबड्यांसाठी लेखी हुकूम कोण देतो? मी हे कधी कुणाला बोललो नाही. लोक हार घालायचे ना, तेव्हा मला ती टोपलीच दिसायची. त्या अर्जीतली गोष्ट खोटी नाही, म्हणून जास्त लागलं."

मग जाता जाता म्हणाला, "माधव नगरातलं दुकान गेलं रे."

सायकली भाड्याने द्यायचं एक छोटं दुकान तो घेणार होता. पेन्शनच्या भरवशावर मालकाने शब्द दिला होता. अर्ज लिहिण्याच्या आठवडाभर आधी त्यानेच मला मोठ्या उत्साहाने हे सांगितलं होतं. पेन्शन थांबली आणि मालकाने जागा दुसऱ्याला दिली.

हवालदाराची साक्ष हवी होती. तो देवासच्या पलीकडे एका खेड्यात शेती करत होता. मित्र म्हणाला, "तू चल, तिथेच लिहून घेऊ." नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. बसने गेलो, पुढे दोन कोस पायी. हवालदार म्हातारा झाला होता, पण आवाज तसाच. त्याने ओट्यावर बाज टाकली, ताक दिलं आणि सगळं बिनतक्रार सांगितलं. "हुक्म मैंने दिया था. ड्यूटी पर ही गया था ये. लिखो." मी लिहिलं, त्याने सही केली. मी दौतीला बूच लावत होतो, तेवढ्यात मित्र म्हणाला, "हवालदारसाहेब, अब इसका भी लिखवाइए. ये भी खाली हाथ बैठा है."

हवालदाराने माझ्याकडे निरखून पाहिलं. "अरे, इसको तो मैं खुद गोली खिलाता था! मुँह खुलवाकर देखता था. एक दिन नागा नहीं किया इसने. और उठाकर तंबू तक मैं ही ले गया था, मैं और एक सिपाही."

ज्या प्रश्नाला ग्वाल्हेरच्या बोर्डापुढे माझ्याकडे उत्तर नव्हतं, त्याचं उत्तर हा माणूस ताक पीत देत होता. ते मला माझ्याच हाताने लिहायचं होतं. मी लिहिलं. दोन ओळी चुकल्या, खोडाव्या लागल्या. मित्र हसला, "मोत्यांना काय झालं आज?"

त्याची चौकशी मिटायला बरेच महिने गेले. पेन्शन सुरू झाली, मागचीही मिळाली. दुकान मात्र गेलं ते गेलं. पुन्हा तशी जागा त्याच्या आवाक्यात आली नाही, आणि पुढे आयुष्यभर तो दुसऱ्यांच्या दुकानांत सायकलींच्या चाव्या सांभाळत बसला. मलाही हवालदाराच्या साक्षीवर दुसऱ्या बोर्डाने बोलावलं. ह्या वेळचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी पानथरी तपासली, कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "इतनी बड़ी तिल्ली एक बुखार से नहीं होती. ये वहीं की है." अपंगत्वाची सगळ्यात खालची पायरी मला लागू झाली. आई तेव्हा हयात नव्हती. बायकोने देवापुढे साखर ठेवली, पण मला म्हणाली, "भाऊजींना कधी सांगणार?"

कारण माझा मित्र ती अर्जी लिहिणाऱ्या माणसाला शोधत होता. राम घाटावर, स्टेशनाबाहेर, जत्रेत, कुठेही उजवा हात नसलेला कुणी दिसला की तो जवळ जाऊन बसायचा. "भाई, फौज में थे क्या?" एकाचा हात उसाच्या चरकात गेलेला निघाला, एक जन्मतःच तसा. एका भिकाऱ्याने तर पैशाच्या आशेने होय म्हणून टाकलं, आणि हा बिचारा दोन दिवस त्याच्या पलटणीचं नाव काढून घेत होता. मी हे पाहायचो आणि, सांगताना आजही ओशाळतो, मला त्या न सापडणाऱ्या माणसाचाही मत्सर वाटायचा. माझ्या मित्राला त्याची इतकी काळजी होती! तो माणूस मीच होतो, तरीही वाटायचा.

पहिली पेन्शन घ्यायला मी कोठीवर गेलो तेव्हा तो माझ्या पुढेच रांगेत होता. फार खुशीत होता. "तुझं झालं," म्हणाला. "आता त्या डावऱ्याचं करू. तू माझ्यासाठी एक जाहिरातीसारखं लिहून दे, इथे भिंतीवर लावतो. ज्याने अर्जी केली त्याने भेटावं, मी रागावलेलो नाही."

मी म्हणालो, "तो मी."

त्याला ऐकू आलं नसावं असं वाटून मी पुन्हा म्हणालो, "मी लिहिली. डाव्या हाताने."

तो वळला. माझ्या चेहऱ्याकडे न पाहता त्याने माझ्या दोन्ही हातांकडे पाहिलं, आधी एक, मग दुसरा. रांग एक पाऊल पुढे सरकली, आम्हीही सरकलो.

"दुकानाचं तुला ठाऊक होतं?" त्याने विचारलं.

"होतं."

"तेव्हाही?"

"हो."

त्याने मान हलवली, जणू पत्ता विचारला आणि मिळाला. मग त्याची पाळी आली. खिडकीत हयातीचा दाखला दिला, सही केली, नोटा तोंडात धरून खिशाचं बटण उघडलं. एरवी ते बटण मी उघडून द्यायचो. तो निघून गेला.

आमचं भांडण झालं नाही. वाटेत भेटला तर थांबायचा, तब्येत विचारायचा. माझ्या मुलीच्या लग्नाला सहकुटुंब आला, पंगतीत जेवला. गल्लीत कुणाला कधी काही कळलं नाही. त्याने आपल्या बायकोलाही सांगितलं नसावं. फक्त आमच्या उंबऱ्यावर येऊन बसणं थांबलं. एकदा मला रस्त्यातच थंडी भरली तेव्हा त्यानेच टांग्यात घालून घरी आणलं, बायकोच्या हवाली केलं आणि "वहिनी, निघतो" म्हणून आत न येता गेला.

मग राज्यांची पुनर्रचना झाली, मध्य भारतही गेला, राजधानी भोपाळला. पेन्शनवाल्या सगळ्यांना नवे नमुने भरून द्यायचे होते. मला वाटलं, आता तरी तो येईल. इतकी वर्षं त्याचा प्रत्येक कागद मीच लिहिला होता; त्याची जन्मतारीख, पलटणीचा नंबर, अंगावरच्या खुणा, सगळं मला पाठ होतं. मी चांगला टाक आणून ठेवला. आठवडा गेला, दुसरा गेला.

शेवटी माझा नमुना घेऊन मी कोठीवर गेलो. आवारातल्या निंबाखाली अर्जनवीस बसतात, त्यांतल्या एका तरुण अर्जनविसापुढे तो उकिडवा बसला होता आणि सावकाश मजकूर सांगत होता. त्या पोराचं अक्षर भिकार होतं, लांबूनही दिसत होतं. माझा मित्र मात्र पुढे वाकून, प्रत्येक शब्दानंतर मान डोलावत, विश्वासाने त्याला सगळं सांगत होता.

मी रांगेत उभा राहिलो. त्या अर्जनविसाचा मला जसा हेवा वाटला, तसा त्याआधी कुणाचाच वाटला नव्हता.